उद्या ताक बघा

तुमच्या घरी दाराशी किल्ल्या टाकायला जे पितळी पातेलं ठेवलं आहे, ते माझं. तुमच्या आईने इथून नेताना मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं, तेव्हा तक्रार नाही. पण गेल्या आठवड्यात फोनवर धाकट्याने विचारलं, की आजी, ते बाहेरून पिवळं आणि आतून राखाडी का? आणि थोरलीने मधेच सांगितलं, की शाळेत सध्या केमिकल बाँड चालू आहेत आणि तिला ते मुळीच आवडत नाहीत. दोघांच्या बोलण्याला माझं उत्तर एकच होतं. पण तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. म्हणून लिहून पाठवते. क्रमाने सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही.

आधी पातेलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात ताक, चिंच, कोकम असं काही आंबट ठेवलं, की आंबटातलं आम्ल तांब्याला खायला लागतं. पदार्थ हिरवट होतो आणि जिभेला टोचतो. याला मराठीत एक वेगळं क्रियापदच आहे: कळकणं. ताक कळकलं, आमटी कळकली. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले, रसायनशास्त्रही सगळं इंग्रजीतच. त्यामुळे या क्रियेचं समीकरण मला लिहिता येत होतं, पण तिला एक शब्द आहे हे लग्न होऊन दौंडला आल्यावर कळलं. इंग्रजीत अजून मला तसा शब्द सापडलेला नाही. तुम्हाला सापडला तर कळवा.

भांडं कळकू नये म्हणून त्याला आतून कथलाचा पातळ थर देतात. ती कल्हई. धाकट्याला दिसलेला राखाडी रंग तिचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. तिथलं पाणी जड. डाळ शिजता शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. स्टील घरोघरी आलं होतं, तरी लग्नात मिळालेली पितळी भांडी कोणी टाकून दिली नव्हती. त्यामुळे कल्हईवाले चाचा आले की बायका पातेली घेऊन कडुलिंबाखाली जमायच्या. चाचा शिरूरचे. सायकलच्या मागे हाताने फिरवायचा लोखंडी पंखा, कोळशाचं पोतं आणि सांडशी बांधून गावं फिरायचे. जमिनीत लहानसा खड्डा करायचे, कोळसे पेटवायचे, आणि पंखा फिरवायला बसायची त्यांची धाकटी मुलगी, जी सुट्टीत त्यांच्याबरोबर यायची.

वाळूने घासून लख्ख केलेलं भांडं निखाऱ्यावर तापलं, की चाचा त्यात नवसागराची पांढरी पूड टाकायचे. भस्सकन पांढरा धूर उठायचा, नाकाला झोंबायचा. लगेच कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गोल पुसून घ्यायचं. डोळ्यांदेखत सगळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. मग पाण्यात बुडवलं की चर्रर्र.

आमच्या शेजारच्या काकूंना चाचांची खोड काढल्याशिवाय राहवायचं नाही.

"चाचा, आता स्टीललाबी कल्हई लावायला शिका, न्हाईतर उपाशी मराल."

"लावतो की ताई. पर आधी तुमच्या जिभंला लावतो, लई कळकलीया."

सगळ्या जणी हसायच्या, काकू सगळ्यांत जास्त.

चाचांची एक पद्धत मात्र मी दुसऱ्या कुठल्या कल्हईवाल्याकडे पाहिली नाही. काम झालं की ते गिऱ्हाइकाला घरातलं आंबट ताक आणायला लावायचे, एका भांड्यात ओतायचे आणि म्हणायचे, "आज समदंच चमकतं. उद्या ताक बघा." दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना सायकल न थांबवताच रस्त्यावरून ओरडायचे, "बाई, ताक?" मी खिडकीतून "चांगलं आहे!" म्हणायचे. मग ते हात उंचावून पुढे जायचे.

आता बाँड.

काही वर्षांनी मला शिरूरच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची नोकरी मिळाली. तुमचे आजोबा दौंडलाच राहिले, शनिवारी संध्याकाळी एसटीने यायचे. तुमची आई माझ्याबरोबर होती, शाळेत जात होती.

माझ्या वर्गातली जवळजवळ सगळी मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. अकरावीला सायन्स घेतलं की सगळं एकदम इंग्रजीत. मी अगदी सोपं, स्वच्छ इंग्रजी बोलायचे. ती तेवढ्याच स्वच्छ चेहऱ्याने माझ्याकडे बघायची आणि त्यांना काहीच कळलेलं नसायचं. एके दिवशी मी म्हटलं, दोन अणूंमध्ये बाँड तयार होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला:

"मॅडम, कितीचा? पन्नासचा का शंभरचा?"

वर्ग खो खो हसला. मला विनोद समजलाच नाही. नंतर ऑफिसातल्या क्लार्कने समजावलं, की मॅडम, यांच्या घरी बाँड म्हणजे स्टॅम्पपेपर. जमिनीची वाटणी, खोलीचं भाडं, उसाची उचल, काहीही असो, तहसीलसमोर जाऊन बाँड करतात.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर 'बंध' असं लिहिलं. त्यानेही काही हललं नाही. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, म्हंजी धरणं का? कल्हई धरती तसं?"

मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती म्हणाली, "मॅडम, तुमचं दौंडचं पातेलं अजून हाय का?"

पंखा फिरवणारी ती हीच. तिच्या डोक्यावर आता नीट ओढणी होती आणि बोटांच्या पेरांत कोळसा नव्हता, म्हणून मी तिला ओळखलं नव्हतं.

धरणं. मी त्या रात्री स्वयंपाक करताना तो शब्द मनात फिरवत होते. रंग धरतो, कल्हई धरते, झाड फळ धरतं, लहान मूल मान धरतं, रुसलेलं माणूस अबोला धरतं, रस्ता ओलांडताना पोर बोट धरतं. एवढा कामाचा शब्द माझ्याजवळ होता आणि मी मुलांना बाँड, बाँड म्हणून घाबरवत होते.

मग आम्ही सगळं धरण्याच्या हिशोबाने शिकलो. थोरले, तूही असंच करून बघ. मिठात काय होतं? सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. देणारा आणि घेणारा, दोघं त्यानंतर एकमेकांना सोडत नाहीत. पाण्यात तसं नाही. तिथे ऑक्सिजन आणि हायड्रोजन कोणी कोणाला काही देऊन टाकत नाहीत, मधले इलेक्ट्रॉन दोघं मिळून धरतात. आणि धातूत सगळ्यांचे इलेक्ट्रॉन सामायिक, वस्तीवरच्या विहिरीसारखे.

"मॅडम, विहिरीवरनं तर भांडणं व्हतात!" मागचा बाक.

"धातूत होत नाहीत. म्हणून त्याला ठोकलं तरी तो फुटत नाही, नुसता पसरतो."

"मग आमच्या चुलत्यांना ठोकून बघाया पायजे."

त्या मुलीला मात्र हसायला वेळ नव्हता. तिचा प्रश्न तयार होता. कथील पितळेला धरतं ते कसं, आणि त्यात नवसागर कशासाठी? मी सांगितलं, की पितळ तापलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर एक काळपट पापुद्रा धरतो. डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढाच, पण तो मधे असेपर्यंत कथील पितळेपर्यंत पोचतच नाही, थेंबासारखं घरंगळतं. नवसागर तापला की त्याचे दोन भाग होतात, अमोनिया आणि एक आम्ल. ते आम्ल पापुद्रा खाऊन टाकतं. मधलं निघून गेलं की कथील आणि पितळ थेट भेटतात, आणि भेटले की धरतात. आणि तो पांढरा धूर? वेगळे झालेले दोन भाग वर गार हवेत पुन्हा भेटतात आणि त्यांचा परत नवसागर होतो.

"म्हंजी धूर न्हाईच तो," ती म्हणाली. "परत आलेला नवसागरच."

मी तिला कपाटातली बाटली दाखवली. तिने लेबल एकेक अक्षर लावत वाचलं. "अमोनियम क्लोराइड. आपल्या नवसागराचं एवढं मोठं नाव!"

त्यानंतर ती संध्याकाळी घरी यायला लागली. तुमची आई एका बाजूला गृहपाठ करायची आणि आम्ही दोघी ओट्यापाशी. तिचा हात चिमटीचा. नवसागर चिमूटभर, कथील भांडं मागेल तेवढं, असं पाहत वाढलेली. लॅबमध्ये वजनं चिमट्याने उचलायची, बोटाने नाही, कारण बोटाचा घामही वजनात येतो, हे तिला फार गमतीचं वाटायचं. घरी आमच्याकडे ब्युरेट, म्हणजे लॅबमधली मापाच्या खुणांची काचेची नळी, नव्हतं. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण होतं. त्यात पाणी ओतून मी तिला वाकायला लावायचे. मापातलं पाणी कडेला वर चढतं आणि मधे खाली वाकतं, तर डोळा त्या खालच्या वाकात आणायचा आणि मगच आकडा वाचायचा. उभ्याने वाचलं की आकडा खोटा.

एकदा तिने विचारलं, "मॅडम, अब्बा काहीच मोजत न्हाईत. तरी त्यांची कल्हई धरती."

"तुझ्या अब्बांचं चुकलं तर त्यांना ते दुसऱ्या दिवशी ताकात दिसतं," मी म्हटलं. "आपल्याला दुसरा दिवस मिळत नाही. म्हणून मोजायचं."

आणि एक पायरीसुद्धा गाळायची नाही. हा माझा नियम होता आणि सगळ्या वर्गाला त्याचा कंटाळा होता. बारावीच्या प्रॅक्टिकलला एक अनोळखी पांढरं सॉल्ट देतात आणि ते ओळखायचं असतं. आधी कोरडं तापवून बघायचं, मग आम्ल घालून, मग विरघळवून त्यात एकेक द्रावण टाकून कुठला साका, म्हणजे गाळ, पडतो ते बघायचं. मी म्हणायचे, पहिल्याच पायरीला उत्तर कळलं असं वाटलं तरी शेवटपर्यंत जायचं.

तिच्या बारावीच्या हिवाळ्यात चाचा आमच्याकडे कल्हईला आले. तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचा खोकला ऐकू आला. नवसागर टाकला की तोंड फिरवून उभे राहायचे, आणि धूर गेल्यावरही बराच वेळ श्वास जागेवर यायचा नाही. मुलगी पंखा फिरवत होती.

"डाक्टर म्हनला, धुरापासनं लांब ऱ्हा," ते मला म्हणाले. "म्हनलं, बिनधुराची कल्हई कशी करायची ते बी लिहून द्या."

मी पाणी दिलं. ते पायरीवर टेकले.

"बाई, हिचं कसं हाय तुमच्या हितं? खरं सांगा. मला भांडं कळतं, पुस्तक कळत न्हाई."

"हुशार आहे. इंग्रजी लिहिताना अडखळते, पण प्रॅक्टिकलला तिच्या हाताला तोड नाही."

"तसं न्हवं. निघंल का एका दमात?" त्यांनी सांडशी पुसायला घेतली. "मला आता धुरावर उभं ऱ्हायाला मानूस पायजे. थोरल्या दोघी सासरी गेल्या. बारावी एका दमात निघाली तर हिला फुडं शिकवतो, माझं मी बघंन कसंबी. न्हाई निघाली तर वर्सभर घरात बसवून काय करू? संगं घेतो. हात तर तयारच हाय हिचा."

ते रागाने बोलत नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं, हे त्यांच्या सांडशी पुसण्यावरून दिसत होतं. पंखा तेवढा जरा हळू झाला.

तिला काय हवं होतं ते मला माहीत होतं. रांजणगावला तेव्हा कारखाने वाढत होते. संध्याकाळी हायवेवर कंपन्यांच्या बसेस थांबायच्या. त्यांतल्या एका बसमधून एक मुलगी उतरायची, काखेत पांढरा कोट गुंडाळलेला. ही रोज त्या कोपऱ्यावर थांबून तिला बघायची. "लॅबमध्ये हाय ती, मॅडम. माल आला की तपासती, बरोबर हाय का न्हाई ते सांगती. मला तसं तपासायचंय." आणि मग, खाली बघून, "मी कामाला लागले की अब्बाला धुरातनं काढनार."

त्या दिवशीही चाचांनी निघताना पातेल्यात ताक ओतायला लावलं. "उद्या ताक बघा," म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी विचारायला आले नाहीत. घरी झोपून होते.

प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक दौंडच्या बाजूचे होते. वयस्कर, हळू बोलणारे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला पेन. मी कॉलेजची परीक्षक. म्हणजे मी लॅबमध्ये उभं राहायचं, पण माझ्या मुलांशी एक शब्द बोलायचा नाही. सॉल्टच्या पुड्या मीच बांधल्या होत्या, त्यावर नुसते क्रमांक. मुलांनी चिठ्ठ्या उचलल्या. तिच्या पुडीवरचा क्रमांक बघून मला कळलं, की तिला अमोनियम ब्रोमाइड आलं आहे.

दिसायला नवसागरासारखं पांढरं. तापवलं की अगदी तसाच पांढरा धूर आणि नळीच्या वरच्या गार भागावर तसाच पांढरा थर. क्लोराइडचा सख्खा भाऊ म्हणा. फरक पुढे कळतो. सिल्व्हर नायट्रेट घातलं तर क्लोराइडचा साका पांढराशुभ्र पडतो, ब्रोमाइडचा फिकट पिवळा.

तिने चिमूटभर सॉल्ट कोरड्या नळीत घेतलं आणि ज्योतीवर धरलं. पांढरा धूर उठला. तिचा चेहरा असा उजळला, जसं परक्या गावात घरचं माणूस भेटावं. नळी स्टँडला ठेवली. लिटमस ओला करून अमोनियाची खात्री केली, ती बरोबर आली. आणि मग पुढचं सगळं सोडून तिने पानाच्या तळाशी उत्तर लिहून टाकलं. मी दोन टेबलं सोडून उभी होते. तरी मला उलट्या बाजूने वाचता आलं. अमोनियम क्लोराइड.

मी हात मागे बांधले होते. एका हाताने दुसऱ्या हाताची बांगडी घट्ट पकडून ठेवली होती. एवढं आठवतं. खोकले असते, किंवा सिल्व्हर नायट्रेटची बाटली नुसती इकडची तिकडे ठेवली असती, तरी तिला कळलं असतं. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि बाहेर बघायला लागले.

परीक्षक फिरत फिरत तिच्या टेबलाशी आले. इंग्रजीत विचारलं, एवढ्यात झालं? मग तिची घाबरलेली मान बघून मराठीवर आले.

"काय आहे हे?"

"नवसागर, सर. अमोनियम क्लोराइड."

"कशावरून?"

"पांढरा धूर आला, सर. आमच्यात रोज येतो."

"आमच्यात म्हणजे?"

"आमी कल्हईवाले हाय."

मागच्या टेबलावरचा कोणीतरी फिस्सकन हसला. परीक्षकांनी तिकडे नुसतं बघितलं, तो गप्प झाला. मग ते तिला म्हणाले, "बरं. मग धूर आला, की कल्हई धरली असं समजायचं का?"

हा प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारला की सहज, ते मला आजही सांगता येणार नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक असं काहीही विचारतात.

"न्हाई सर," ती लगेच म्हणाली. घरचा विषय निघाल्यामुळे तिची भीती गेली होती. "धुराचं काय, तो तर समद्यालाच येतो. भांडं बी चमकतं, वाईट कल्हईचं बी चमकतं. त्यात ताक घालून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ताक बघायचं, आन् मग..."

ती थांबली. मी खिडकीपासून वळून बघितलं. ती स्टँडमधल्या नळीकडे बघत होती. मग तळाशी लिहिलेल्या उत्तराकडे.

"सर, माझं अजून व्हायचंय," ती म्हणाली.

"वेळ आहे," परीक्षक म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

तिने नवी नळी घेतली. सॉल्ट विरघळवलं, नायट्रिक आम्लाचे थेंब घातले, मग सिल्व्हर नायट्रेट. साका पडला. तिने नळी उजेडाकडे धरली, मग कोरा कागद मागे ठेवून बघितली. पांढरा नव्हता. गाईच्या लोण्यावर असते तेवढीच पिवळी झाक होती. घाईत बघणाऱ्याने पांढराच म्हटला असता. तिने त्यात अमोनिया घालून हलवलं. क्लोराइड असतं तर नितळ झालं असतं. झालं नाही. मग राहिलेली पायरीही केली. मूळ सॉल्टवर तीव्र आम्ल घालून तापवलं, आणि नळीत तांबूस वाफ चढली. ती अमोनियम क्लोराइडमधून कधीच येत नाही.

तिने उत्तरातल्या 'क्लोराइड'वर मी शिकवल्याप्रमाणे एकच सरळ रेघ मारली आणि शेजारी 'ब्रोमाइड' लिहिलं.

परीक्षकांनी पान वाचलं, सही केली. "कुठे असता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"शिरूरला, सर. अब्बा दौंडला बी येतात, बाजाराला."

"आमच्याकडे आता सगळं स्टीलच आहे," ते जरा ओशाळल्यासारखे म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

परीक्षा संपल्यावर ती बाहेर नळापाशी माझी वाट बघत उभी होती. "मॅडम, धरली का?"

मला सांगायची परवानगी नव्हती. आणि लेखी अजून व्हायची होती, त्यामुळे खरं उत्तर मलाही माहीत नव्हतं.

"उद्या ताक बघू," मी म्हटलं.

तो 'उद्या' जूनमध्ये आला. त्या दिवशी शनिवार होता, हे आठवतं, कारण तुमचे आजोबा एसटीतून उतरून नुकतेच चहा घेत होते. दारात सायकलची घंटा वाजली. चाचा आणि मागे ती. चाचांनी सायकलवरून पंखा सोडवला आणि अंगणात खड्डा खणायला बसले.

"चाचा, काय झालं?" मी विचारलं.

"भांडी काढा, बाई. सगळी काढा."

मी तिच्याकडे बघितलं. ती हसतही होती आणि ओढणीने डोळेही पुसत होती. एका दमात निघाली होती. पहिली-दुसरी नाही, पण छान निघाली होती.

मी भांडी काढली. कोळसे पेटले आणि ती सवयीने पंख्यापाशी जाऊन बसली. चाचांनी तिचा हात धरून तिला उठवलं.

"तू नको. हे आता तुजं काम न्हाई."

"अब्बा, मग पंखा कोन फिरवनार?"

चाचा स्वतः बसले. दोन फेरे मारले आणि खोकला आला. तेव्हा तुमचे आजोबा इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून तिथे जाऊन बसले आणि काही न विचारता पंखा फिरवायला लागले. जोरात. ठिणग्या उडायला लागल्या.

"साहेब, साहेब! रेल्वे न्हाई ती, जरा दमानं!"

तुमची आई हसून हसून पायरीवर लोळायची बाकी राहिली होती. ती मुलगी मात्र अंगणाच्या मधोमध उभी होती. इतकी वर्षं त्या आगीपाशी तिचे हात कधी रिकामे नव्हते. आता त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. मग ती आत गेली आणि ताकाचं भांडं घेऊन आली. चाचांनी पातेलं पाण्यातून काढलं, तिने त्यात ताक ओतलं.

चाचा सामान बांधून निघाले, आणि पहिल्यांदाच ते नेहमीचं बोलायचे विसरले. मी फाटकापर्यंत गेले. "चाचा, ताक?"

त्यांनी सायकल थांबवली आणि मागे वळून मुलीकडे बघितलं.

"ते आता ही बघंल," म्हणाले.

पुढे ती बी.एस्सी. झाली. तोवर चाचा येत राहिले, आमच्याकडे पंखा कधी मी फिरवायचे, कधी तुमची आई. मग तिला रांजणगावच्या एका कारखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली, आणि चाचांनी आमच्या त्या पातेल्याला एकदा शेवटची कल्हई करून पंखा मोडीत दिला. कोपऱ्यावर बस थांबायची आणि ती उतरायची. कोट काखेत गुंडाळलेला नसायचा, अंगातच असायचा. तिला काढवत नसावा.

पातेल्यात आता जो राखाडी रंग आहे, तो तेव्हाचा आहे. बुडाशी मधोमध बघा, तिथे तो विरून आतलं पिवळं दिसायला लागलं आहे. कडेला मात्र अजून घट्ट धरून आहे. त्यात आंबट काही ठेवू नका, कळकेल. किल्ल्या चालतील.